भर वैशाखात बर्फाच्या गोष्टी



तुमच्या गावचे ऊन कसे आहे ते मला ठाऊक नाही, पण आमच्या नशिराबादचे सांगते. जळगाव आणि भुसावळ या दोन शहरांच्या मधोमध, हमरस्त्यावर आमचे गाव. एप्रिल-मे आला की वर्तमानपत्रात आज जळगावचे तापमान छापून येते, उद्या भुसावळचे. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. मधल्या नशिराबादचे नाव कोणी छापत नाही, म्हणून ऊन आम्हाला काही कमी लागत नाही! अकरा वाजले की रस्ता ओस पडतो. कुत्री मोरीत जाऊन बसतात. नळाचे पाणी हाताला पोळते आणि पंखा गरम हवाच तेवढी फिरवतो.

अशा दिवसांत आमच्या घरी दुपारी बर्फाच्या गोष्टी वाचतात. हसू नका. डोक्यावर ओला पंचा बांधायचा, कैरीचे पन्हे घोटभर घ्यायचे आणि जिथे माणसाच्या मिशांवर श्वास गोठतो अशा मुलखातली कादंबरी ऐकायची. गेली तीन वर्षे आमचा हा क्रम चालू आहे. यात काय मिळाले ते तुम्हाला सांगावे म्हणून लिहायला बसले आहे.

आधी आमच्या घरची दुपार कशी असते ते सांगते, कारण ती तुमच्याहून फार निराळी नसणार. पहाटे चारला उठून ज्वारीचे बिबडे घालायचे, कुरडया, शेवया करायच्या. ऊन डोक्यावर यायच्या आत हे आवरावे लागते. अकरापासून चारपर्यंत दार लोटून घरात. आमचे जुने घर धाब्याचे आहे, जाड मातीच्या भिंतींचे, त्यामुळे मधल्या खोलीत जरा जीव राहतो. या चार-पाच तासांत झोपावे तर घामाने झोप लागत नाही, बोलावे तर भाऊबंदकीखेरीज विषय निघत नाही. हात मात्र रिकामे नसतात. शेंगा फोडणे, चिंचा फोडणे, लसूण निवडणे चालूच असते. कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांसाठीच ही पुस्तके.

माझी धाकटी मुलगी जळगावच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. तिनेच हे सुरू केले. मराठी पुस्तक असले तर ती ते वाचून दाखवते. इंग्रजी असले तर एक पान मनात वाचते आणि आपल्या बोलीत सांगते. ऐकायला मी, माझी जाऊ, शेजारच्या दोघी-तिघी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचे वय ऐंशीच्या घरात. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही. पण ऐकलेले विसरत नाहीत आणि कोणी पान गाळले तर लगेच पकडतात. आमच्या शेजारच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनाही लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकात आली तेव्हा शिकलेल्यांनी डोक्यावर घेतली. तेव्हा जो वाचत नाही त्याला पुस्तकाचे काय, असे निदान आमच्या भागात तरी कोणी म्हणू नये.

पहिले पुस्तक होते शांता शेळके यांचे 'चौघीजणी'. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन बाईंनी १८६८ साली लिहिलेल्या कादंबरीचे ते मराठी रूप. बाप लढाईवर गेलेला, घरात आई आणि चार मुली, बाहेर बर्फ. नाताळच्या सकाळी गरम न्याहारी समोर येते. तेवढ्यात कळते, की जवळच एका गरीब घरी नुकतीच बाळंत झालेली बाई आहे, चुलीत लाकूड नाही आणि सहा पोरे एका पांघरुणात एकमेकांना बिलगून पडली आहेत. या चौघी आपली न्याहारी उचलून तिकडे नेऊन देतात. शेजारीण म्हणाली, "आपल्याकडे बाळंतिणीला पंख्याखाली ठेवायला जागा शोधतात, तिकडे चुलीजवळ." जागा बदलली, पण बाळंतिणीची काळजी तीच. पहिल्याच दिवशी आम्हाला हे कळले आणि परका मुलूख परका वाटेनासा झाला.

पण आमच्या घरात जे पुस्तक खरे रुजले ते दुसरे. त्याचे नाव 'द लाँग विंटर', म्हणजे लांबलेला हिवाळा. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे हे पुस्तक १९४० साली निघाले. त्यात हकिगत आहे ती १८८०-८१ च्या हिवाळ्याची. लेखिका तेव्हा चौदा वर्षांची मुलगी होती आणि अमेरिकेच्या डाकोटा मुलखात नव्याने वसलेल्या डी स्मेट नावाच्या लहानशा गावात तिचे शेतकरी कुटुंब राहत होते. त्या वर्षी ऑक्टोबरातच हिमवादळ आले आणि मग वादळामागून वादळे. गावाचा सगळा आधार रेल्वेवर. दगडी कोळसा, पीठ, रॉकेल, सगळे गाडीने यायचे. रुळांवर बर्फाचे डोंगर साचले, गाडी बंद झाली ती वसंत येईपर्यंत.

आता आम्ही रेल्वेच्या कडेची माणसे. भुसावळ एवढे मोठे जंक्शन हाकेच्या अंतरावर, भादली स्टेशन तर शिवाराला लागूनच म्हणा. गाडी चार-पाच महिने आली नाही म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागले नाही.

कोळसा संपला तेव्हा त्या घरात वाळलेल्या गवताचे पेंढे पिळून, घट्ट पिळा घालून त्यांची लाकडे करत. पिळलेले गवत भराभर जळून जाई, म्हणून दिवसभर घरातले कोणी ना कोणी गवतच पिळत बसे. हातांना चिरा पडत. ऐकता ऐकता जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या कपाशीच्या काड्या त्यांना द्यायला हव्या होत्या." रॉकेल संपले तेव्हा आईने गाडीच्या आसाला लावायच्या वंगणात चिंधीची वात ठेवून दिवा केला. पीठ संपले तेव्हा कॉफी दळायच्या लहानशा हातयंत्रात गहू दळू लागले. एक मूठ टाकायची, फिरवायचे, पुन्हा एक मूठ. दिवसभर दळावे तेव्हा एका दिवसाची भाकरी.

इथे सासूबाईंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. म्हणाल्या, "तठी बी घरोटंच फिरवलं म्हना का बायांनी!" आणि मग त्या १९७२ च्या दुष्काळाचे बोलू लागल्या. तेव्हा त्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सुकडी मिळे. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकर थापली की तुटायची आणि पोरे तोंड वाकडे करायची. मुलीने सांगितले, की आजी, तो मिलो अमेरिकेचाच. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की ज्यांच्याकडे एकदा गाडी आली नव्हती, त्यांनीच पुढे आपल्याला धान्य धाडले म्हणायचे. बाहत्तरच्या भाकरीला पन्नास वर्षे त्यांनी नावे ठेवली होती. त्या दिवसापासून त्यांनी मिलोला नावे ठेवलेली मी ऐकली नाहीत.

शेतकऱ्याने लक्ष द्यावे असा भाग पुढे आहे. गावात एक तरुण शेतकरी होता, अल्मान्झो वाइल्डर. त्याच्याजवळ बियाण्याचा गहू होता. गावाची भूक पाहून कोणी मागायला येईल आणि नाही म्हणवणार नाही, म्हणून त्याने खोलीत दुसरी खोटी भिंत उभारली आणि गहू तिच्यामागे लपवला. तुम्ही त्याला कंजूष म्हणाल का? आमच्या ओसरीत यावर भांडण जुंपले. जाऊबाई म्हणाल्या, पोरे उपाशी असताना गहू लपवणे पाप आहे. माझे यजमान दारात उभे राहून ऐकत होते, ते म्हणाले, बियाणे खाल्ले की पुढचे वर्षही खाल्ले. दोघांचेही खरे. पुस्तकातला अल्मान्झोही याच पेचात असतो. शेवटी तो आणि त्याचा एक मित्र, दोघे जण जीव धोक्यात घालून, वादळ कधीही येईल अशा दिवसांत, वीस मैलांवर कोणा शेतकऱ्याकडे गहू आहे अशा नुसत्या ऐकीव बातमीवर निघतात. तो शेतकरीही आपले बियाणे द्यायला तयार नसतो. घासाघीस होते. सत्तावीस किलोच्या मापाला सव्वा डॉलर, असा चढा भाव देऊन ते गहू आणतात आणि आणण्याची मजुरी घेत नाहीत.

आणि मग दुकानदार काय करतो? तो गहू तीन डॉलरने विकायला काढतो! हे ऐकून आमच्याकडे जो गोंधळ उडाला तो काय सांगू. कापूस विकून आलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गावकरी दुकानात जमतात. लॉराचे वडील दुकानदाराला शांतपणे समजावतात, की बाबा, दुकान तुझे आहे, भाव लावायला तू मोकळा आहेस, पण हिवाळा कायमचा नाही आणि उन्हाळ्यातही तुला आमच्याशीच धंदा करायचा आहे. दुकानदाराला ते पटते आणि तो खरेदीच्या भावाने गहू देतो. यजमान म्हणाले, "हे मात्र कादंबरीतच होते." मुलगी म्हणाली, "बाबा, गावकरी एकत्र दुकानात गेले म्हणून झाले." त्यावर ते काही बोलले नाहीत.

आता सांगते ती गोष्ट मी लिहावी की नाही याचा चार दिवस विचार केला. सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, लिही.

माझे धाकटे दीर बारा वर्षांपूर्वी मे महिन्यात उन्हाने गेले. केळीचा बाग होता. उन्हाळ्यात केळीला पाण्याचा एक दिवस चुकला तर पाने करपतात, घड सटकतात, हे केळीवाल्यांना सांगायला नको. त्या आठवड्यात वीज दुपारची होती. बारा वाजता ते एकटेच पाणी धरायला गेले. चार वाजले तरी परत आले नाहीत म्हणून माणसे गेली, तेव्हा बांधावरच्या शेवरीला टेकून बसलेले सापडले. वय चौतीस. सासूबाई त्यानंतर त्या शेतात गेल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मुलीने जॅक लंडन या अमेरिकन लेखकाची एक कथा सांगायला घेतली. कादंबरी नव्हे, लहान कथा आहे, १९०८ सालची. हा लेखक स्वतः १८९७ मध्ये सोने शोधायला कॅनडाच्या उत्तरेला क्लोंडाइककडे गेलेला. त्यामुळे थंडी कशी मारते ते त्याला पुरते ठाऊक. कथेत एक माणूस आणि त्याच्यासोबत एक कुत्रा. थंडी आपल्या मापाने शून्याखाली जवळजवळ साठ अंश. एका जाणत्या म्हाताऱ्याने त्याला बजावलेले असते, की एवढ्या थंडीत एकट्याने निघू नये. हा मनात हसतो आणि निघतो. वाटेत पाय पाण्यात जातो. पाय सुकवायला तो झाडाखाली शेकोटी पेटवतो, आणि वरच्या फांद्यांवरचे बर्फ कोसळून शेकोटी विझते. पुन्हा पेटवायला बोटे चालत नाहीत.

गोष्ट कुठे चालली आहे हे माझ्या ध्यानात आले. मी मुलीला डोळ्यांनी खुणावले, की पुरे. ती थांबली. सासूबाई म्हणाल्या, "सांग पोरी. थांबू नको."

तिने शेवटपर्यंत सांगितले. शेवटी तो माणूस धडपड सोडतो, शांत बसतो आणि त्याला गाढ, सुखाची झोप लागते. कुत्रा बराच वेळ वाट पाहतो. मग जिथे दुसरी माणसे आणि आग आहे त्या मुक्कामाच्या वाटेने निघून जातो.

कोणी काही बोलेना. पंख्याचा तेवढा आवाज. सासूबाईंनी विचारले, "शेवटाले त्याले झोपच लागली ना?" मुलगी म्हणाली, "हो आजी, पुस्तकात तसेच लिहिले आहे." सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. पुस्तकातली थंडी निराळी आणि आमच्या शिवारातले ऊन निराळे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण बारा वर्षे ज्या प्रश्नाला त्यांनी तोंड फोडले नव्हते तो त्या दिवशी त्यांनी विचारला. दुसऱ्याच्या मुलखातल्या, दुसऱ्याच्या मुलाच्या नावाने विचारला.

संध्याकाळी त्यांनी माझ्या यजमानांना आणि माझ्या मुलाला समोर बसवले. म्हणाल्या, या घरातले कोणी अकरा ते चार शेतात जाणार नाही. वीज दुपारची असली तर केळी करपू द्या. आणि गेलेच पाहिजे अशी वेळ आली तर दोघांनी जायचे, एकट्याने नाही, त्या म्हाताऱ्याने सांगितले होते तसे. आमच्या घरी आता हा नियम आहे. डॉक्टर, पुढारी, रेडिओ दरवर्षी हेच सांगत होते. पण घरात तो नियम झाला तो या गोष्टीनंतर. म्हणून तुम्हालाही सांगते. उन्हात माणसाचे अंग तव्यासारखे तापले, तो असंबद्ध बोलू लागला, तर वाट पाहू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी शिंपडा, ओले कापड ठेवा, वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा.

आता तुम्ही विचाराल, बर्फाची गोष्ट ऐकून गारवा वाटतो का? खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे वाटतो. नंतर घाम तोच. पण दुपार जाते, आणि दुपार गेली की खानदेशात दिवस जिंकल्यासारखाच. त्याहून मोठा लाभ म्हणजे थंड मुलखाबद्दलचा आपला हेवा जातो. आपल्याला वाटते, की तिकडची माणसे सुखात असतील. ती तर आपल्यासारखीच कोंडलेली असतात. त्यांचा हिवाळा हा आपला उन्हाळा आहे. आपण वैशाखात पापड-कुरडया घालून पावसाळ्याची बेगमी करतो, ते शरदात लाकूडफाटा, गवत, बटाटे साठवतात. आपण पावसाची वाट पाहतो, ते उन्हाची. आणि थंडीनेही केळी चरकतेच की! पारा दहाच्या खाली गेला म्हणजे आपणही बागेत रात्री धूर करतो.

बर्फ आणि आपले नाते तसे जुनेच आहे. हेन्री थोरो नावाचा एक अमेरिकन लेखक १८४५ ते १८४७ या काळात वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. त्याचे पुस्तक दुर्गा भागवतांनी मराठीत आणले आहे. त्या तळ्याचे बर्फ मजूर करवतीने कापून नेत, त्याचे वर्णन त्यात आहे. एका हिवाळ्यात रचलेला ढीग गवत आणि फळ्यांनी झाकून ठेवला, तो पुढचा उन्हाळा आणि त्यापुढचा हिवाळा टिकून शेवटी दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात विरघळला. गवताचा हा गुण कडबा रचणाऱ्या आपल्या लोकांना नवा नाही. अमेरिकेतले असे बर्फ जहाजांनी हिंदुस्थानातही येत असे. १८३३ साली बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालेले जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा त्यात १०० टन शिल्लक होते. आपला गोळेवाला आजही बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात ठेवतो, ती विद्या तीच.

आणि गारव्याची कविता लिहायला गार मुलूखच लागतो असेही नाही. बालकवी ठोंबरे धरणगावचे, म्हणजे माझ्या माहेरचे. श्रावणातली हिरवळ, झरे, फुले मराठीत आणणारा हा कवी आमच्या या भाजलेल्या खानदेशात जन्मला, आणि ५ मे १९१८ रोजी, अशाच उन्हाच्या दिवसांत, आमच्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेला. वयाला अठ्ठावीस वर्षेही पुरी नव्हती. भादलीवरून जाताना मला दर वेळी वाटते, की ज्याला श्रावण एवढा दिसला त्याने वैशाखही पुरता सोसला असेल.

उन्हाळ्यात एकत्र बसून ऐकण्याची चाल आपल्याकडे आहेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारी ते जून दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. धुळ्याचा मे आणि तुरुंगाच्या भिंती! तरी ऐकणारे ऐकत होते आणि लिहिणारा लिहीत होता. आपल्या घरात तर माठ आहे, पंखा आहे.

तेव्हा यंदा करून पाहा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून अनेक गावांत वाचनालये झाली आहेत. तुमच्या गावात असेल तर तिथे, नसेल तर तालुक्याला चौकशी करा. 'चौघीजणी'पासून सुरुवात करा. बर्फ नको असेल तर गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' घ्या, त्यात राजमाचीचा पाऊस आणि धुके आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मात्र वैशाखात घेऊ नका. फार थोर पुस्तक आहे, पण त्यातला दुष्काळ ऐकून घसा आणखी कोरडा पडतो. ते मार्गशीर्षात शेकोटीजवळ वाचावे. घरातल्या शिकत्या मुला-मुलीला वाचायला बसवा, कारण वाचून दाखवताना त्याचेही वाचन सुधारते. म्हाताऱ्या माणसांना जवळ घ्या आणि त्यांनी मध्येच बोलायला सुरुवात केली तर पुस्तक बाजूला ठेवून ते ऐका. आमच्याकडे निम्मी मौज त्यातच असते.

मृग निघाला की हे सगळे बंद. मग पुस्तक मिटायचे आणि पांभर काढायची. पण त्याला अजून अवकाश आहे. यंदाच्या पुस्तकाचा शोध चालू आहे, आणि सासूबाईंनी मुलीला आताच विचारून ठेवले आहे, "त्यात बरफ किती हात आहे व?"